चौथ्या कॉपीतला सिनेमा

चित्रपट लोकांना किती आवडला हे आमचे आबा कॅसेटच्या झिजेवरून ओळखायचे. शाहूवाडी तालुक्यात, बांबवड्यापासून आंब्यापर्यंतच्या पट्ट्यात, ते व्हिडिओ भाड्याने द्यायचे. १९८०चं दशक संपत आलं होतं. कलर टीव्ही वाकळेत गुंडाळून वडापच्या टपावर बांधायचा, व्हीसीआर मात्र मांडीवर घेऊन बसायचं आणि बारसं, वास्तुशांत, सत्यनारायण, गणपती, म्हाई असं जिथून बोलावणं येईल तिथे जायचं. एका रात्रीत तीन चित्रपट व्हायचे. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर असायचे. माझं काम हेड पुसायचं. कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून अलगद फिरवायची. कापूस लावला तर त्याचे धागे आत अडकतात.

झिजेची गोष्ट अशी, की व्हीसीआरचं हेड ज्या ड्रमवर बसवलेलं असतं तो मिनिटाला दीड हजार फेरे घेतो. टेप पुढे सरकते आहे तोवर काही बिघडत नाही. पण कुणी चित्र थांबवून धरलं, की हेड टेपच्या त्याच चिमूटभर जागेवर घासत राहतं. वरचा लोहभुकटीचा लेप हळूहळू उडतो आणि मग त्या जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. जे लोकांनी पुन्हा पुन्हा मागे नेऊन, थांबवून पाहिलं ते सगळं या रेघांत नोंदलेलं असायचं. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या रेघा गाण्यांवर आणि मारामाऱ्यांवर पडायच्या. ‘अशी ही बनवाबनवी’च्या रेघा पडल्या होत्या त्या सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार आणि अशोक सराफांचे धनंजय माने समोरासमोर उभे राहून नुसते बोलतात त्या जागी. तिथे नाच नाही, स्फोट नाही, घोडा नाही. दोन माणसं आणि सत्तर रुपयांचं एक औषध.

थोड्या पैशांत झालेले काही चित्रपट चाळीस-पन्नास वर्षं का टिकतात, आणि त्यांच्याहून कितीतरी खर्चिक चित्रपट का विसरले जातात, याचं माझं उत्तर त्या रेघांपासून सुरू होतं. आमच्याकडे येणारी कॅसेट क्वचितच पहिल्या हातची असे. शहरातल्या कुणीतरी केलेल्या कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी असं होत ती शाहूवाडीत पोचायची. प्रत्येक कॉपीत आधी रंग जातो. लाल रंग कडेने पसरतो, निळा काळपट होतो. मग चेहऱ्यांच्या कडा जातात, रात्रीचे प्रसंग तर नुसता काळोख होतात. आवाजही घोगरा होतो, पण शब्द कळत राहतात. चौथ्या कॉपीत भव्य सेट उरत नाही, काश्मीर उरत नाही, नटीचे दागिने उरत नाहीत. उरतं ते कोण कोणाला काय म्हणालं, आणि कधी म्हणालं.

अश्विनी भावेंची ती लिंबू कलरची साडी आज महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरते. आमच्या टीव्हीवर ती साडी कधीच लिंबू कलरची दिसली नाही. मळकट पांढरी दिसायची. तरी ती लिंबू कलरचीच आहे याबद्दल समोर बसलेल्या शंभर माणसांत एकालाही शंका नव्हती, कारण अशोक सराफ तसं म्हणाले होते. सांगितलेलं दिसू लागतं, ही ताकद पैशांनी येत नाही.

मराठी माणसाला ही ताकद तमाशानं शिकवली. वगाला नेपथ्य नसतं. ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि मोकळी जागा एवढ्यात राजवाडा, जंगल, कोर्ट सगळं होतं. नटानं एक गिरकी घेऊन ‘आलो की पुण्याला’ म्हटलं, की प्रेक्षक पुण्याला पोचलेले असतात. सोंगाड्या हजरजबाबी हवा, आणि समोरचा माणूस त्याला शब्द परत देणारा हवा. बाकी काही कमी पडलं तरी चालतं. वसंत सबनीसांनी हे सगळं पचवून १९६५मध्ये ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगभूमीवर आणलं. त्यात दादा कोंडके होते. दादा गिरणगावात वाढलेले, गिरणी कामगाराच्या घरातले, अपना बाजारमध्ये नोकरी केलेले आणि सेवादलाच्या कलापथकात तयार झालेले. आशा भोसले यांनी त्यांचं काम पाहून भालजी पेंढारकरांकडे त्यांचं नाव सुचवलं, आणि भालजींच्या ‘तांबडी माती’मधून १९६९मध्ये दादा पडद्यावर आले. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओचे हेच भालजी. १९४८च्या जाळपोळीत होरपळलेला तो स्टुडिओ त्यांनी पुन्हा उभा केला होता. तुटपुंज्या साधनांत चित्रपट कसा करायचा हे त्या वास्तूइतकं फार थोड्या जागांनी पाहिलं असेल.

मग १९७१मध्ये दादांनी स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. लेखन पुन्हा सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. भोळा नाम्या, त्याची आये झालेल्या रत्नमाला, आणि तमाशातली कलावती झालेल्या उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूरमध्ये त्याची जागा काढून देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला देण्याचं ठरलं तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि शिवसैनिकांनी ‘सोंगाड्या’ परत लावायला लावला. ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. तिच्यातलं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते: तो चित्रपट आपला आहे, आणि तो काढला तर आपल्याला उठवल्यासारखं आहे, असं लोकांना वाटलं. असं वाटायला लावणारी माणसं पडद्यावर होती. नाम्याची चड्डी, तिची लोंबती नाडी आणि त्याचं ‘आये’ म्हणणं आमच्या गल्लीतलंच होतं. पुढे दादांचे नऊ चित्रपट ओळीनं रौप्यमहोत्सवी झाले, त्याची नोंद गिनीज बुकानं घेतली. उषा चव्हाण, रत्नमाला, महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकरांचे आवाज, राम-लक्ष्मणचं संगीत अशी संचातली माणसं त्यांनी सहसा बदलली नाहीत. हा काटकसरीचाही भाग होता आणि तमाशाच्या फडाची रीतही तीच.

दादांचं सगळंच मला आवडतं असं नाही. पुढच्या काळात, विशेषतः हिंदी चित्रपटांत, दुहेरी अर्थ इतका एकेरी झाला की बायका उठून जायच्या. आबा ते चित्रपट गणपतीत लावायचे नाहीत. ‘सोंगाड्या’मध्ये मात्र म्हाताऱ्या आज्या पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि कुणी त्यांच्याकडे बघितलं तर आणखी हसायच्या.

‘बनवाबनवी’ आली २३ सप्टेंबर १९८८ला. दिग्दर्शक सचिन, लेखक तेच वसंत सबनीस, निर्माते किरण शांताराम. म्हणजे ज्या व्ही. शांतारामांनी १९२९ साली कोल्हापुरात सहकाऱ्यांबरोबर प्रभात फिल्म कंपनी काढली, त्यांचे चिरंजीव. मूळ गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची. तो हिंदी चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. गोष्ट तीच असताना एक विसरला जातो आणि दुसरा दोन पिढ्यांना पाठ होतो, यातून मला वाटतं की टिकण्याचं रहस्य गोष्टीत कमी आणि बोलण्याच्या ठेक्यात जास्त आहे. सबनीसांचं वाक्य जिथे संपतं तिथे हशासाठी नेमकी जागा सोडलेली असते. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ती जागा भरत नाहीत, थांबतात. हे थांबणं म्हणजे प्रेक्षकाला दिलेलं काम आहे. गजापूरच्या बाजूला एका घरी पावसात छपराचा इतका आवाज होत होता की संवाद अर्धे ऐकूच येईनात, तेव्हा मागच्या ओळीतली पोरं ते मोठ्यानं म्हणू लागली. कुणी त्यांना गप्प केलं नाही. त्या रात्री चित्रपट त्यांनीच ऐकवला.

अमेरिकेत अशा प्रेक्षकांवर पुस्तकं लिहिली गेली आहेत. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५चा चित्रपट सुरुवातीला पडला. १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरनं तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली आणि तीच ती माणसं पुन्हा पुन्हा येऊ लागली. ती पडद्याला ओरडून उत्तरं देत, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ फेकत, पावसाच्या प्रसंगाला डोक्यावर वर्तमानपत्र धरत. अशा चित्रपटांना ‘कल्ट’ म्हणतात. लोकांनी तो नुसता पाहिलेला नसतो; त्याभोवती स्वतःचे विधी उभे केलेले असतात. हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. लग्नात अक्षता टाकणाऱ्या आणि कीर्तनात बुवांच्या मागे पालुपद धरणाऱ्या माणसांना पडद्याला उत्तर देणं शिकवावं लागत नाही.

विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’च्या वेळी, १९९१मध्ये, तर हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. बायका ट्रॅक्टरनं, ट्रकनं तालुक्याच्या गावी जात. अलका कुबल यांचा छळ चालला की थिएटरभर हुंदके, आणि उषा नाडकर्णींच्या सासूला खालून शिव्याशाप. समीक्षकांनी त्या चित्रपटाला रडका म्हणून मोडीत काढलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आमच्याकडे तो दुपारी लावायचा असे, पुरुष शेतावर असताना, फक्त बायकांसाठी. घरात ज्यांना मोठ्यानं बोलायची सोय नव्हती त्या बायका त्या अंधारात सासू या नात्याला उघड नावं ठेवत, आणि शेजारी बसलेल्या स्वतःच्या सासूच्याही डोळ्यांत पाणी असे. याहून चित्रपटानं आणखी काय करावं?

मुलांचा चित्रपट मात्र एकच होता. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’, १९९३. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटातली. पण तात्या विंचू हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला आणि हलवलेला, ज्यांच्या वडिलांनी अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला होता. हॉलीवूडकडे यंत्रांवर चालणाऱ्या बाहुल्या होत्या, आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांची घरंदाज कला होती. फ्रेमच्या खाली कुणीतरी माणूस आहे हे आम्हा सगळ्या मुलांना कळत होतं, आणि तरी अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी गोठ्यात पोत्याचा तात्या विंचू तयार व्हायचा. एक मुलगा कडब्यामागे लपून त्याचा आवाज काढायचा, दुसरा मंत्र म्हणायचा, आणि धाकटी भावंडं खरोखर रडायची. कोट्यवधी खर्चून केलेल्या चित्रपटातला चमत्कार बघून आपण आ वासतो. तो घरी करून बघावा असं कुणाच्या मनात येत नाही. स्वस्त चित्रपटाचे टाके दिसतात, म्हणून पोरांना वाटतं की हे आपल्यालाही शिवता येईल.

जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गच्या मित्रांना घेऊन १९६८मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला तो सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरमध्ये. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. चित्रपटाचं नाव शेवटच्या घडीला बदललं तेव्हा वितरकाकडून हक्काची ओळ छापायची राहिली, आणि तो कुणीही फुकट दाखवावा असा झाला. निर्मात्यांचं फार मोठं नुकसान झालं, पण चित्रपट जगभर पोचला आणि चालत्या मढ्यांच्या चित्रपटांची एक अख्खी जातच जन्माला आली. आपल्याकडे कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३चा, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सात लाखांच्या आतल्या रकमेत झाला. त्यात नसिरुद्दीन शाह यांनी स्वतःचा कॅमेरा वापरला. थिएटरात तो फार चालला नाही. दूरदर्शननं आणि व्हिडिओनं त्याला घरोघरी नेलं, आणि शेवटचा महाभारताचा गोंधळ लोकांना तोंडपाठ झाला.

आमच्या राज्यात या सगळ्याचं सर्वांत धीट उदाहरण मालेगावचं. आमच्या जिल्ह्यातल्या इचलकरंजीसारखंच ते यंत्रमागांचं गाव; माग शुक्रवारी बंद, म्हणून शुक्रवार करमणुकीचा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्च करून. कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओचा. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर. कॅमेरा पुढे सरकवायचा तर सायकलवर बसायचं, वर न्यायचा तर बैलगाडीच्या जूवर बांधून दुसऱ्या टोकाला माणसं लटकायची. संकलन दोन व्हीसीआर जोडून. नंतर त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. त्यातला सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा शफीक, किडकिडीत अंगाचा. मालेगावच्या हवेत उडून उडून त्याला दमा होतो, आणि खलनायकाला सगळं गाव घाण करून टाकायचं असतं. फैजा अहमद खान यांनी २००८मध्ये यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२४मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ही आला. शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. माहितीपटात तो हिरव्या कापडासमोर आडवा होऊन उडतो, तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद आहे तो मी कुठल्याही ताऱ्याच्या तोंडावर पाहिलेला नाही.

थोडे पैसे म्हणजे चांगला चित्रपट असं मात्र कुणी समजू नये. ‘बनवाबनवी’च्या यशानंतर विनोदी मराठी चित्रपटांची जी रांग लागली त्यातले बहुतेक स्वस्तही होते आणि आळशीही. तेच नट, तसेच वेषांतर, तशीच पळापळ; पण वाक्यं कुणी बसून लिहिलेली नव्हती. त्यांच्या कॅसेटी आबांकडे शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या. गरिबीनं टिकाऊपणा येत नाही. गरिबीमुळे लेखकाला आणि नटाला लपायला जागा उरत नाही, एवढंच. मग ज्याच्याकडे कस असतो तो दिसतो, आणि नसतो तोही दिसतो.

उलट बाजूही आहे. आमच्या तालुक्याची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १३ जुलै १६६०ची लढाई, पावनखिंड आणि बाजीप्रभू. दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ २०२२ला आला तेव्हा आम्ही सगळे अभिमानानं बघून आलो. तो आदरानं पाहिला जातो. आदरानं पाहिलेल्या चित्रपटाची वाक्यं लग्नाच्या पंगतीत कुणी वापरत नाही. तिथे धनंजय मानेच लागतात. मला यात कमी-जास्त काही वाटत नाही. माणसाला दोन्ही हवे असतात.

२००० उजाडताना सीडी आली, मग केबल, आणि आबांचा व्यवसाय थांबला. आता आंब्याच्या वळणांवर रेंज येते-जाते, तेवढ्यातही पोरं तीस सेकंदांचे तुकडे एकमेकांना पाठवतात. थांबवून, मागे नेऊन पाहणं तेच आहे, फक्त आता काही झिजत नाही. तुकडा पाहणाऱ्या अनेकांनी अख्खा चित्रपट पाहिलेलाही नसतो, तरी संवाद बरोबर ठेक्यात म्हणतात. अशोक सराफांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा माझ्या आठवीच्या वर्गात टाळ्या पडल्या. ही मुलं ‘बनवाबनवी’ आली त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेली.

मला एकच गोष्ट लागून राहते. त्या कॉप्यांच्या कॉप्यांमधून ज्यांनी चित्रपट केला त्यांना काही मिळालं नाही, आणि आजच्या तुकड्यांखालीही लिहिणाऱ्याचं नाव नसतं. जे शब्द चौथ्या कॉपीतून, पावसातून, घोगऱ्या स्पीकरमधून तगले ते कुणीतरी टेबलाशी बसून लिहिले होते. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मुलांनी वर्गात संवाद म्हटला तर मी रागावत नाही, पण लेखकाचं नाव फळ्यावर लिहायला लावते. सुरुवातीला फळ्यावर ‘लक्ष्या’ यायचं. आता ‘वसंत सबनीस’ येतं, ऱ्हस्व-दीर्घासकट. परवा एका मुलीनं तात्या विंचूबद्दल विचारलं तेव्हा तिला तीन नावं द्यावी लागली: दिग्दर्शक महेश कोठारे, बाहुला रामदास पाध्ये, आवाज दिलीप प्रभावळकर. ती म्हणाली, ‘बाई, म्हणजे एका बाहुल्याला तीन माणसं?’ मी म्हटलं, निदान तीन. कॅमेरावाला आणि दिवे धरणारे अजून मोजायचे आहेत. त्यांची नावं तिनं श्रेयनामावलीतून उतरवून आणायची आहेत.